वहिनीचं तोंड धुणं

आमच्या घरात सगळे अंगणातल्या दगडावर तोंड धुतात. वहिनी मात्र न्हाणीघराची कडी लावून धुवायची. आत पाण्याचा आवाज थांबला तरी ती बराच वेळ बाहेर येत नसे. आई शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, "मन्ही वहू गोरी शे, तिले येळ लागस." म्हसावदच्या आमच्या बाजूला एवढी गोरी सून दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि आई हे कुणाला विसरू देत नसे.

वहिनी स्वभावानं हसरी. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नंदुरबारच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आले की ती दारातूनच ओरडायची, "उनी वो मन्ही कालेजवाली! भाकर करता येस का, का आते इंग्रजीमा थापशी?" मग स्वतःच माझी पिशवी उचलून आत न्यायची.

थंडीत आमच्या अंगणात लाल मिरची वाळत पडते आणि गल्लीतल्या बायका तिचे देठ खुडायला बसतात. वहिनी तिथे बसली की थोड्याच वेळात तिचे गाल पेटल्यासारखे व्हायचे. शेजारच्या काकू चिडवायच्या, "मिरचीबी गोरीले ओळखस वो!" वहिनी हसून उठायची आणि चुलीकडे जायची. पण चुलीसमोरही ती तोंड फिरवून बसते, हे मला एका दिवाळीच्या सुट्टीत दिसलं. मी विचारलं तेव्हा तिनं मला न्हाणीघरात ओढलं आणि कडी लावली.

कोनाड्यात फडक्याखाली एक मलमाची नळी होती. गजकर्णाची. माझ्या घरचे तिला बघायला येणार होते, त्याआधी तिच्या मावशीनं ती मेडिकलमधून आणली होती. थोड्याच दिवसांत रंग उजळला आणि लग्न ठरलं. लग्नानंतर तिनं नळी बंद करून पाहिली, तर चेहरा लाल झाला, खाजू लागला, पुटकुळ्या आल्या. पुन्हा लावली की शांत. तेव्हापासून तिचा भाऊ नवापूरहून आला की गुपचूप नळी देऊन जायचा. वहिनी म्हणाली, "लावं तरी जळस, नही लावं तरी जळस. कोणले सांगू?"

कॉलेजच्या आरोग्य शिबिरात त्वचेच्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, ही नळी चेहऱ्यासाठी नाहीच, कातडी पातळ करते. सोडताना चेहरा आधी बिघडेल, म्हणून तिला दवाखान्यात घेऊनच या. तोवर साधं ठेवा. सौम्य फेसवॉशनं सकाळ-संध्याकाळ तोंड धुवायचं, न घासता टिपायचं, ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावायचं. बाहेर पडण्याआधी सनस्क्रीन. बाकी काही नाही, लिंबूसुद्धा नाही.

मी हे सगळं सांगितलं तर वहिनी म्हणाली, "इतलंच?" आणि मग हळूच, "दवाखानामा जावाले काय सांगू घरमा?" गोऱ्या सुनेला चेहऱ्याचा डॉक्टर कशाला, असं सगळ्यांनीच विचारलं असतं. ती दवाखान्यासाठी थांबली नाही. मिरचीचे दिवस आल्यावर तिनं नळी सोडली आणि स्वतःहून देठ खुडायला बसू लागली. गाल सुजले, कपाळ सोललं. कुणी विचारलं की म्हणायची, "मिरची झोंबनी." काकूंना वाटलं, सून शेवटी कामाला लागली. सकाळी कडीआड ती तेवढं साधं तोंड धुणं नेमानं करी. जळजळीनं डोळ्यांत पाणी यायचं, त्याचा दोषही मिरचीलाच.

त्याच दिवसांत मला बघायला पाहुणे येणार असल्याचा निरोप आला आणि मी घरी आले. आईनं माझ्या हनुवटीला धरून चेहरा उजेडात फिरवला. "हॉस्टेलमा काळी पडी गयी." मग वहिनीकडे वळून म्हणाली, "तुन्ही ती नळी शे ना, लाव हिले. माले सगळं माहीत शे." आईनं नळी कधीतरी पाहिली होती. तिला ते नटण्याचं काहीतरी वाटलं होतं.

वहिनीला गप्प राहता आलं असतं. नळी संपली म्हणता आलं असतं. तिनं पदर मागे सारला आणि सुजलेला चेहरा आईसमोर धरला. "हाई मिरची नही शे. हाई ती नळी शे. मन्हा रंग तुमनासारखाच शे, आई. तुमीन देखेल तोंड नळीनं शे, मन्हं नही. हिले लावू नका."

आईनं एवढंच विचारलं, "मन्हा आंडोरले माहीत शे?" दादाला माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं. तो जेवून बाहेर गेला.

पाहुणे आले त्या दिवशी माझ्या चेहऱ्याला कुणी काही लावलं नाही. त्यांच्यातल्या एका बाईंनी सुनेबद्दल विचारलं, तर आई म्हणाली, माहेरी गेली आहे. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. आतल्या खोलीचं दार ओढलेलं होतं आणि वहिनी त्यामागे बसून होती. तिला खोकला आला आणि तिनं तो अर्ध्यावर दाबला, ते मला ऐकू आलं.

"कळवतो" म्हणून पाहुणे गेले. दार उघडल्यावर वहिनीनं पहिल्यांदा विचारलं, "काय म्हणनात?" मी सांगितलं. ती हसली. "बरं शे. परीक्षा तरी दे."

आता घरात कुणीही आलं की ती आत असते. दादा म्हणतो, मिरची आटोपली की नंदुरबारला दाखवू. मिरची आटोपली, आता कापसाच्या पऱ्हाट्या काढायच्या आहेत. मी फोन करून आठवण करून देते, तो हो म्हणतो.

पाहुणे येऊन गेल्यावर मी हॉस्टेलला निघाले त्या सकाळी तिला पुन्हा एकदा सगळं समजावत होते. धू, टीप, लाव, आणि उन्हात जाण्याआधी सनस्क्रीन विसरू नकोस. वहिनी शांतपणे ऐकत होती. मग माझी ओढणी नीट करत म्हणाली, "उनमा कोठे जानं शे माले? ते तू लावत जाय."