साडूभाऊ स्थळ बघायला जातात

परमेश्वराने हे जग घडवण्याआधी एकदा माझ्या थोरल्या साडूंना दाखवलं असतं, तर त्यातलं निम्मं तरी त्यांनी परत पाठवलं असतं. त्यांच्या तोंडून निघणारा सर्वोच्च गौरव म्हणजे ‘चालेल’, आणि तो त्यांनी लग्नाच्या वेळी माझ्या मेव्हणीला दिला; त्यानंतर फारसा कुणाच्या वाट्याला आला नाही. आम्ही मीरा रोडला यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी आमच्यासाठी बेव्हर्ली पार्कमधल्या बिल्डिंगी पालथ्या घातल्या. प्रत्येक फ्लॅटमधले सगळे नळ एकदम सोडायचे, खिडकीत उभं राहून नाक वर करून वास घ्यायचा आणि मग शेजाऱ्यांची बेल दाबून विचारायचं, “पाणी जातं किती वाजता?” एजंट शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, “अंकल, आपको रहना है की रेड डालनी है?” कलिंगडवाला तर त्यांना लांबून पाहिलं की हातगाडीच वळवतो. कारण साडूभाऊ कलिंगडाला टिचकी मारून कान लावतात आणि “इसमें दम नहीं है, भैया” असं भर रस्त्यात जाहीर करतात, तेसुद्धा दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हातातल्या कलिंगडाबद्दल.

पण त्यांची खरी कीर्ती मुली बघण्यातली. माझ्या सासुरवाडीत कुणाचं लग्न ठरवायला निघाले की एक वेळ नवरामुलगा नसला तरी भागेल, साडूभाऊ हवेतच. त्यांच्यापुढे पोह्यांची बशी धरताना भल्याभल्या मुलींनी चमचा खाली पाडलेला मी पाहिलाय. विचारतात थोडं, बघतात फार. एक मुलगी त्यांनी नाकारली ती तिच्या वडलांनी पंखा बंद करायला सांगितला म्हणून. “पाहुणे बसलेत आणि पंखा बंद? खाण तशी माती!” आमच्याकडचा नवरामुलगा बिचारा तोवर त्या मुलीच्या प्रेमात पडून मोकळा झाला होता.

तर अशा माणसापुढे आमची ऋजू उभी राहिली. ऋजू माझी मुलगी, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. शाळेपासून सॉफ्टबॉल खेळते. कॅचर आहे, म्हणजे बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचे आणि वेळ आली की मैदानापार फेकायचे. मुंबईतल्या एका कॉलेजचा संघ नावाजलेला. खेळाच्या कोट्यातून तिथेच जायचं, हा पोरीचा ध्यास. मी म्हणत होतो, खेळ पुरे, जवळचं कॉलेज बरं. बायको म्हणत होती, जाऊ दे की तिला. अबोला धरायची वेळ आली तेव्हा आम्ही साडूभाऊंना बोलावलं. काका नाही म्हणाले तर खेळाचं नाव काढणार नाही, असं ऋजूनेही कबूल केलं.

नवघरच्या मैदानावर साडूभाऊ घडीची खुर्ची घेऊन आले. सॉफ्टबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण असल्या गोष्टी त्यांना कधी आड येत नाहीत. ऋजू हेल्मेट, तोंडावर जाळी, छातीला पॅड असा सगळा जामानिमा करून बसलेली. बराच वेळ निरखून ते म्हणाले, “अरे, तोंडच झाकलंय. बघायचं काय?” मग तिला जाळी काढायला लावली, चालायला लावलं आणि सवयीने विचारलं, “स्वयंपाक येतो का?”

“चहा येतो, काका. बाबांपेक्षा बरा.”

मला वाटलं, संपलं सगळं. पण साडूभाऊ खुर्चीची घडी घालत म्हणाले, “मुलीत खोट नाही. आता स्थळ बघू.”

कोट्याच्या चाचणीच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर आले. कॉलेजच्या कोच एक तरुण मॅडम होत्या. त्यांना गाठून साडूभाऊंनी सुरू केलं, “मैदान स्वतःचं की भाड्याचं? आधीच्या मुली सुखात आहेत ना? काही दुखलंखुपलं तर बघतं कोण?” कुठे तोंड लपवू असं झालं मला! मॅडमनी मात्र सगळ्याची नीट उत्तरं दिली. ऋजूने झेल सुरेख घेतले, पण लांब सेकंड बेसवरच्या मुलीकडे फेकायची वेळ आली की चेंडू अलीकडेच टप्पा खायचा. शेवटी मॅडम हसून म्हणाल्या, “कळवते हं, काका.”

साडूभाऊंचा चेहरा खाडकन उतरला. मुलगी नापसंत असली की पोहे संपवून उठताना ते स्वतः हेच म्हणत आलेत. ‘कळवतो’ म्हणायचं आणि कळवायचं नाही, ही रीतच. मग सुरू झाले त्यांचे फोन. सकाळी चूळ भरायच्या आधी, “आला का?” दुपारी, “रेंज आहे ना तुमच्याकडे?” संध्याकाळी स्वतः हजर. एकदा सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, “काय रे, त्या मुलींचे आईबापही असेच बसत असतील ना फोनपाशी? मी कधीच केला नाही रे. वाईट वाटेल त्यांना, म्हणून नाही केला.” डोळे भरून आले होते त्यांचे. मला फार वाईट वाटलं. मी चहा टाकायला उठलो.

आणि मॅडमचा फोन आला. कोट्यातून घेता येणार नाही. झेल उत्तम, पण लांब फेकायला हात कमी पडतोय. मार्कांवर प्रवेश मिळाला तर संघाच्या चाचणीला परत ये, म्हणाल्या. ऋजू खोलीत जाऊन खूप रडली. आता साडूभाऊ त्या कॉलेजचा उद्धार करणार, म्हणून मी कान टवकारले. ते एवढंच म्हणाले, “फोन केला पण बाईंनी. स्वतः केला.”

जवळच्या कॉलेजचं नाव मी हल्ली काढत नाही. रोज संध्याकाळी साडूभाऊ आमच्या सोसायटीच्या मागच्या बोळात ऋजूचा जुना ग्लोव्ह घालून उभे असतात आणि ती लांबून चेंडू फेकत असते. मी गॅलरीतून बघतो. पोचत नाही चेंडू. अजून तरी नाही. मग जन्मात कुणाला अर्धा मार्क वाढवून न दिलेला हा माणूस, ती पुढचा चेंडू उचलायला वाकली की हळूच एक पाऊल पुढे सरकतो. मग आणखी एक. चेंडू ग्लोव्हमध्ये बसतो आणि साडूभाऊ अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडतात, “पोचला गं, पोचला!”

“काका, मागे व्हा,” ऋजू कमरेवर हात ठेवून म्हणते. “आधी होतात तिथे.”

साडूभाऊ मान खाली घालून मागे जातात, पार भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि ग्लोव्ह पुढे धरून उभे राहतात.