साल न घातलेला पुठ्ठा

कॉलेजची नोकरी सोडायचं ठरवलं त्या दिवशी मी अकरा कामांची यादी केली. प्राचार्यांना पत्र, ग्रंथालयाची सात पुस्तकं परत, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली, स्टाफरूममधली छत्री घरी आणणे, अशी. अकरावं काम होतं, ‘अण्णांना सांगणे’.

माझ्या याद्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला चिकटवलेल्या असत. दर रविवारी झालेली कामं खोडायची आणि उरलेली नव्या कागदावर उतरवायची. तीन रविवारांत दहा कामं संपली. अकरावं मात्र एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जात राहिलं. चौथ्या रविवारी सकाळी पाहिलं तर त्यावर तांबडी रेघ होती. घरात तांबडी पेन्सिल एकाच माणसाकडे होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

“अण्णा, यादी वाचलीत?”

“घरात लावलीस. डोळे आहेत मला.”

“मग?”

“सरी,” अण्णा म्हणाले आणि पान उलटलं. आमच्या घराण्याला या गावात येऊन किती पिढ्या झाल्या ते कोणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी बोलायचो, पण विषय बंद करायला अण्णांना कन्नडमधलं ‘सरी’, म्हणजे ‘बरं, ठीक’, हेच लागायचं.

त्यांना सांगणं अवघड का होतं, ते आधी सांगते. अण्णांनी सगळी नोकरी एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात केली. दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, दुसऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत पुस्तकांच्या पाठीवर उमटवली. खळीने त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी छापखान्यात सगळ्यांना चहा दिला. पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा दोन दिवस ते उगाचच खूश होते.

त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं मी कॉलेजात हंगामी होते. एप्रिलमध्ये मोकळं करायचे, जूनमध्ये पुन्हा बोलवायचे. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांनी दोनदा बदलला. तिसरं प्रकरण त्यांच्याकडे दिलं ते चौदा महिन्यांनी परत आलं. पहिल्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं. टाचणी मी लावली होती त्याच भोकांत गंजून बसली होती. ती एकदा जरी कोणी काढली असती, तर गंजाचा डाग जागेवरून हलला असता. मी कागद उलटसुलट करून पाहिला. डाग हलला नव्हता.

“छान आहे,” मार्गदर्शक म्हणाले. “घाई काय आहे?”

अकरा कामांची यादी मी त्याच संध्याकाळी केली. माझ्या विद्यार्थिनी तेव्हा कंपनीच्या बसमध्ये बसून इलेक्ट्रॉनिक सिटीला कामाला जाऊ लागल्या होत्या. बसच्या खिडकीतून मला हात करायच्या. मी बसस्टॉपवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सांभाळत उभी असायचे.

पहिला व्यवसाय म्हणजे शाळकरी मुलांसाठी प्रयोगांचे खोके. लिटमस कागद, चुनखडी, दोन परीक्षानळ्या आणि माझ्या हाताने लिहिलेली माहिती. अकरा खोके खपले. एका आजोबांनी खोका परत आणला, कारण नातवाने देवाचं तीर्थ लिटमसने तपासून ते आम्ल असल्याचं घरभर सांगितलं होतं. दुसरा व्यवसाय फिनेलचा. घरीच तयार करून बाटल्या भरायच्या आणि राजाजीनगरात दारोदार द्यायच्या. माल चांगला होता. पण चार महिन्यांनी आई म्हणाली, “माझ्या सांबाराला इस्पितळाचा वास येतो. तू तरी बंद कर, नाहीतर मी तरी करते.” बंद केलं. या दोन्ही वेळा अण्णा खोके, बाटल्या बाजूला सरकवून पेपर वाचत.

तिसऱ्या व्यवसायाआधी मी नीट विचार केला. मला काय येतं? प्रबंध पुरा करणं सोडून प्रबंधाबद्दल सगळंच येत होतं. समास किती, तळटिपा कशा, प्रती किती. घरापासून दोन गल्ल्यांवर एका शिंप्याच्या दुकानाखाली गाळा घेतला. एक जुना कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर. पाटी लावली: प्रबंध टायपिंग आणि बाइंडिंग.

टायपिंग मी करायचे, बाइंडिंग पेठेतल्या एका माणसाकडे जायचं. तो आज देतो म्हणून पुढच्या आठवड्यात द्यायचा. शेवटी ठरवलं, तेही आपणच करायचं. एका दुपारी जेवण झाल्यावर अण्णांना विचारलं, “मला शिकवाल?”

अण्णांनी हात धुतले, पुसले, मग पुन्हा पुसले.

“तुझे हात कोरडे राहावेत म्हणून मी माझे खळीत घातले,” ते म्हणाले. “आणि आता तू मला विचारतेस, खळ कशी करायची.”

एवढंच बोलून ते बाहेरच्या खोलीत गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी वाद घातला असता. आई ताटं उचलत म्हणाली, “ते दुकानात यायचे नाहीत हो. मी सांगते तुला.” त्यानंतर रोज घरातून निघताना मी चपला घालायला जरा जास्तच वेळ लावायचे. अण्णा पेपरमधून वर बघायचे नाहीत.

मग मी माझ्या पद्धतीने शिकले. शिवणकाम वेळखाऊ, म्हणून ते वगळलं. चांगल्या प्रतीचा पांढरा डिंक आणला, कागदाच्या पट्ट्या चिकटवून ताण देऊन पाहिला, निरीक्षणं वहीत लिहिली. पानांची एक कड डिंकात बसवायची, वर पुठ्ठा. दिसायला उत्तम. सहा प्रबंध बांधून दिले.

सातवा प्रबंध पुण्याहून इथे संशोधनाला आलेल्या एका मुलीचा होता. प्रती नेल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. पाचही प्रती कापडी पिशवीत होत्या. तिने एक प्रत टेबलावर ठेवून मधे उघडली आणि पन्नासेक पानं सरकून खाली पडली.

“काकू, उद्या पाचला विद्यापीठाचं ऑफिस बंद होतं. उद्या शेवटची तारीख आहे.” ती रडत नव्हती. रडण्याच्या जरा आधीच्या आवाजात बोलत होती. “सर उद्या रात्री परदेशात जातायत, त्यांची सही पुन्हा नाही मिळणार. प्लीज काहीतरी करा.”

तो आवाज मला ओळखीचा होता. तिला खुर्ची दिली, एक प्रत उचलली आणि घरी गेले. काय करणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं. आईचा सुईदोरा तरी घेऊ, असं काहीतरी डोक्यात होतं.

अण्णांनी प्रत माझ्या हातातून घेतली. मधे उघडली. अंगठा पाठीवरून फिरवला.

“शिवलं नाहीस.”

“डिंक उत्तम होता. मी ताण देऊन तपासला होता.”

“पट्टीवर तपासलास. माणसाच्या हातात नाही तपासलास. परीक्षक चहा प्यायला लागला की पुस्तक उताणं टाकतो. डिंकाला ते सोसत नाही, दोऱ्याला सोसतं.”

“मग आता तुम्ही दोघं भांडत बसा,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “त्या पोरीचं काय व्हायचं ते होईल.”

अण्णा थोडा वेळ ती सुटी पानं सरळ करत राहिले. “किती प्रती?”

“पाच.”

“ट्रंक काढ.”

आई दारात आली. “ती? ती उघडायची म्हणता?”

“दुसरी कुठली आहे घरात?”

“तसं नव्हे. त्यात ते आहे ना.”

“सरी गं,” अण्णा म्हणाले.

ट्रंकेत त्यांची हत्यारं होती. दाभण, घड्या दाबायची हाडाची पट्टी, मेण लावलेला दोरा, डब्यात एकेक कागदात गुंडाळलेली पितळी अक्षरं. तळाशी वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी चौकोनी होतं. मी हत्यारांची यादी करत होते, म्हणून तेही उघडलं.

तो एक रिकामा पुठ्ठा होता. काळं रेक्झिन, आत पान एकही नाही. वर सोनेरी अक्षरांत माझ्या प्रबंधाचा विषय, दोनदा बदलण्याआधीचा, पहिला. पाठीवर माझं नाव. खाली सालाची जागा मोकळी.

“हे कधी केलंत?”

उत्तर आईने दिलं. “तू नाव नोंदवून आलीस त्याच आठवड्यात. पेढे आणायला पाठवलं होतं, रेक्झिन घेऊन आले.”

“पानांआधी पुठ्ठा करत नाहीत,” अण्णा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, दोरा ओढून पाहत होते. “नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचो. आधी पानं शिवायची, जाडी मोजायची, मग पुठ्ठा कापायचा. मी अंदाजाने केला. सव्वातीनशे पानं धरली होती.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “रेक्झिन अजून चांगलं राहिलंय.”

“मोरचूद घातलं होतं खळीत.”

त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा माझ्या दुकानात आले. दारात थांबून पाटी वाचली, मग आत येऊन टेबल खिडकीजवळ सरकवलं. स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवली. मी मोरचुदाचं प्रमाण विचारलं. “झुरळ येणार नाही इतकं,” ते म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं. ते दाभणाने भोकं पाडायचे, मी शिवायचे. माझा टाका सैल पडला की ते माझ्या हातातून दोरा घ्यायचे, एकदा ओढायचे आणि परत द्यायचे.

“अक्का, स्वल्प सरका,” ते त्या मुलीला म्हणाले. ती उजेडात उभी होती.

“मला अक्का म्हणाले,” ती माझ्या कानाशी कुजबुजली. “मी पंचवीसची आहे.”

“इथे मानाने म्हणतात,” मी म्हटलं. “मला काकू म्हणालीस तेव्हा मी काही बोलले का?”

दुपारपर्यंत पाचही प्रती शिवून झाल्या. जुने पुठ्ठे नव्या पाठींना बसेनात, म्हणून नवे कापले. आईने पाटा-वरवंटा रिक्षात घालून आणला आणि प्रतींवर वजनाला ठेवला. “आता चटणी कशावर वाटू?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलं होतं फक्त नाव. अण्णा पितळी अक्षर तापवायचे, ओल्या फडक्याला टेकवायचे आणि आवाज ऐकायचे. किती अंश तापमान असेल हे मी मनात मांडत होते. ते कानाने मोजत होते.

“आजोबा, अक्षरं कशी दिसतील?” मुलीने विचारलं.

अण्णांनी आपल्या पिशवीतून वर्तमानपत्राची ती गुंडाळी काढली. ती त्यांनी बरोबर आणली आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पुठ्ठा तिच्यापुढे धरला. “अशी.”

“किती सुंदर! हे कोणाचं आहे?”

मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. कॉम्प्युटर बंद होता. तरी मी त्याच्याकडेच बघत राहिले.

“माझ्या मुलीचं.”

“साल नाहीये यावर. कुठे असतात त्या?”

अण्णांनी अक्षर पुन्हा फडक्याला टेकवलं. चर्र झालं. “ही काय, समोर बसली आहे,” ते म्हणाले. “दुकान तिचंच आहे.”

साडेचारला प्रती ऑफिसात पोहोचल्या. अण्णा घरी जाऊन पेपर वाचतील असं मला वाटलं होतं. ते दुकानभर फिरले आणि स्टोव्ह खिडकीपासून लांब हवा म्हणाले. पुढच्या सोमवारी माझ्याआधी येऊन पायरीवर बसले होते, कारण किल्ली माझ्याकडे होती. मी यादीत लिहिलं: दुसरी किल्ली करणे.

पुठ्ठा काचेच्या कपाटात नमुना म्हणून उभा राहिला. आलेला प्रत्येक जण तो हातात घ्यायचा आणि साल का नाही असं विचारायचा. काही महिन्यांनी मला वाटलं, अपुरी वस्तू नमुना म्हणून ठेवणं बरं दिसत नाही. तोवर दुकानाची यादी कपाटाच्या दाराला लागत असे. त्यात मी लिहिलं, ‘पुठ्ठ्यावर दुकान उघडलं ते साल घालणे’.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्यावर तांबडी रेघ होती. पुठ्ठा काढून पाहिला. सालाची जागा मोकळीच होती.

“अण्णा, काम न करता खोडलंत?”

“राहू दे ते,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक विचारतं, साल का नाही म्हणून. मग सांगता येतं.”

“काय सांगता?”

अण्णांनी दोऱ्याला मेण लावलं, उजेडात धरून सुईत ओवला.

“सरी,” ते म्हणाले. “ते दाभण दे इकडे.”