तळातली डाळ

हे मी आजपतोर कुणाला सांगिटलं न्हाई. लेकीला न्हाई, देवापुढं न्हाई. तुम्ही ऐकत बसलाय म्हणून तोंड उघडते. मला शाळा तिसरीपतोर, बोलणं नीट जुळायचं न्हाई. पण जे केलं ते शुद्धीत केलं — एवढं आधीच ऐकून ठेवा.

कुठनं सुरू करू? दंडापासनं करते. शांताच्या अप्पांचा दंड. शांता माझी लेक, तिचा अप्पा म्हणजे माझा मालक. नाव मी कवा घेतलं न्हाई, त्यो गेल्यावर बी घेत न्हाई. अळणावरला लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा. दोघांनी उचलायचा ओंडका एकटा उचलायचा. उजव्या दंडात काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत, आणि दंड असा की दोरा मांसात रुतायचा. लोक बघत राहायचे. मी बी बघायची. आज त्यो हात उठतोय काय, एवढंच बघायची.

मारायचा? व्हय, मारायचा. ते सगळं मी गिळलं. एक तेवढं गिळलं न्हाई.

शांता वीस दिवसांची हुती. अंगावर पाजत हुते. बाळंतिणीची भूक तुम्हांला ठावं असंल — पोटात नुसती आग. त्यानं दोन अंडी आणून दिली, त्याच्यापुरती. मी उकडली. आणि एक अंडं चुलीपाशी उभ्यानंच खाल्लं. त्यो जेवायला बसला, ताटात एकच दिसलं. माझं मनगट धरलं आणि ओलं लुगडं पिळत्यात तसं पिळलं. मग बसून उरलेलं अंडं खाल्लं.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, पण मनगट वाकडंच जुळलं. महिनाभर पोरीला छातीशी धरायला मला एकच हात हुता. त्या महिन्यात मी काय ठरवलं? काय बी न्हाई. ठरवलं न्हाई — ठेवून दिलं.

पुढं हुबळ्ळीला आलो. तारिहाळला कारखान्यात त्यो माल चढवायचा. घरात रीत तीच. आधी त्याचं ताट. पळी तळापतोर घालून घट्ट डाळ त्याला, मटणाचे तुकडे त्याला. मग शांताला. मग मी, भांड्यात पाणी घालून विसळलं की जे निघंल ते. इतकी वर्सं पळी माझ्याच हातात हुती, आणि मला ते कवा सुचलं न्हाई.

त्याचं काम सुटलं तवा त्यो साठीच्या पुढं गेला हुता. दात पडले. मारणं बी सुटलं — दया आली म्हणून न्हाई, दम लागायचा म्हणून. एकदा त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं त्याच्या हातात एक यंत्र दिलं, म्हणाली, जोर लावून दाबा. त्यानं दाबलं, तिनं काटा बघून तोंड वाकडं केलं. मग हात न टेकता खुर्चीवरनं पाच डाव उठायला सांगिटलं. तिसऱ्याला त्यो अडकला.

सिस्टर मला म्हणाली, "अज्जी, ह्या वयात मांस आपोआप झिजतंय. नुसता भात-सार घातला तर पोट भरतंय, अंग भरत न्हाई. डाळ घट्ट द्या, अंडं द्या, दूध द्या, शेंगा कुटून द्या. आणि रोज उठ-बस करवून घ्या. न्हाईतर खाटेला लागतील बघा." मग हसत ते यंत्र माझ्या हातात दिलं. माझ्या वाकड्या मनगटानं बी काटा हलला. "तुम्ही बी खावा हं, अज्जी."

मी मान डोलवली. समजलं न्हाई काय? शब्द न शब्द समजला. म्हणून तर.

घरी येऊन डाळ शिजवली. त्या दिवशी पळी तळाला घातली न्हाई, वरवर घातली. वरचं पिवळं पाणी भाताच्या ढिगावर ओतलं, वर तूप. ताट असं भरलेलं की बघणारानं म्हणावं, बाई नवऱ्याला किती घालती. तळातली डाळ मी खाल्ली. आयुष्यात पहिल्यांदा घट्ट डाळ खाल्ली, आणि काय गोड लागली म्हणून सांगू.

शांता धारवाडला दिली, पण कामाला हितं हुबळ्ळीतच, कोप्पीकर रोडवर कापडाच्या दुकानात हाय. दर रविवारी अप्पासाठी सहा अंडी घेऊन यायची. "अव्वा, रोज एक देतेस न्हवं?" देते की, बाई. आणि मी रोज एक उकडायची, सोलायची, स्वयंपाकघरात उभ्यानं खायची. घरात खुर्ची हुती, पाट हुता. तरी उभ्यानंच.

एक वरीस गेलं, दीड गेलं. दोरा सैल पडला. ताईत कोपरावर उतरायचा, मी गाठ मारून वर चढवायची. मग दुसरी गाठ. मग तिसरी. आणि इकडं माझ्या हातात बळ आलं. भरलेली घागर मी एका हातानं उचलायला लागले. शेजारीण म्हणायची, "अक्का, तुझ्यागत सेवा कोण करतंय?" ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

त्याला कळलं न्हाई, असं वाटतंय तुम्हांला? कळलं. एका दुपारी त्यानं सार बोटानं ढवळलं. डाळ शोधत हुता. मग भांड्याकडं बघून म्हणाला, "तळातलं?"

"माझ्या ताटात हाय," मी म्हणाले, आणि मनगट त्याच्यापुढं धरलं.

त्यो लई वेळ मनगटाकडं बघत राहिला. मला वाटलं, आता काय तरी बोलंल. इतकी वर्सं मी ह्याच घटकेची वाट बघत हुते न्हवं?

"मीठ कमी हाय," म्हणाला.

मी मीठ वाढलं. त्यो जेवला. परत कवा इचारलं न्हाई.

इथपतोर सांगिटलं ते अर्धं. त्याच्या पुढचं सांगताना जीभ अडते.

शांता महिनाभर राहायला आली. अप्पाचं अंग बघून तिला राहवलं न्हाई. पळी तिनं घेतली. तळाची डाळ त्याच्या भातावर, अंडं कुस्करून घास करून भरवायची. रोज सकाळी खुर्ची अंगणात टाकून मागं लागायची, "उठ अप्पा. आणखी एक डाव. ओंडके उचलत हुतास की, हे बूड काय ओंडक्यापेक्षा जड झालंय?" त्यो हसायचा. मी त्याला कितींदा हसताना बघितलं हुतं? त्यानं तिला माझं काय बी सांगिटलं न्हाई. का सांगिटलं न्हाई, ते मला आजून ठावं न्हाई.

महिना सरता सरता त्यो भिंत न धरता दारापतोर चालत गेला. चौकटीला हात लावून उभा राहिला. तोच हात. शांताच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या हाताकडं बघत हुते, आणि माझं मनगट ठणकत हुतं.

मी भ्याले, असं म्हटलं तर तुम्ही समजून घ्याल. पण मी भ्याले न्हाई. त्यो म्हातारा आता मला काय मारणार हुता? मला राग आला. ह्यो अजून उठतोय, ह्याचा राग.

म्हणजे बघा — कशानं त्यो उभा राहतोय, ते मी डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शांता बसला निघाली. "अव्वा, आता असंच चालू ठेव," म्हणाली. ठेवते, म्हणाले. दुपारी पळी वरवर घातली.

त्यानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं न्हाई.

चार महिन्यांत त्यो न्हाणीत पडला. खुब्याचं हाड मोडलं, खाटेला लागला, छातीत कफ भरला, गेला. सगळे म्हणाले, वय झालं हुतं. वयानं गेला न्हाई.

शेवटची आंघोळ घालताना ताईत काढायचा हुता. शांता कात्री आणायला आत गेली. मी गाठ सोडली न्हाई, दोरा कापला न्हाई. बांगडी काढावी तसा खाली सरकवला. निघाला.

शांता आजून दर रविवारी येते. सहा अंडी आणते, माझ्यासाठी. "अव्वा, अप्पागत तुझं व्हायला नको," म्हणते. मी रोज एक उकडते, सोलते, खाते. आता पाट घेऊन बसून खाते.

चव लागते.