डोंगरीच्या चढावरची चावी
सायकलच्या साखळीला तेल घातलं की त्या वासाने मला भाईंदरजवळच्या डोंगरीचा चढ आठवतो. आमची रविवारची टोळी स्पोर्ट्स कारची वेडी आणि सायकलींचीही. गाड्या पायथ्याशी लावायच्या, सायकलने वर चढायचं आणि शेवटच्याने पहिल्याला दिवसभरासाठी आपल्या गाडीची चावी द्यायची, हा आमचा कायदा. माझी लाल गाडी मी कोणाला पुसूही देत नसे. त्या दिवशी बायको पहिल्यांदाच आली, तीही पूनम सागरमधल्या आमच्या घरापासून आपली जाड टायरची सायकल मारत, कारण गाडीमागे एकच सायकल मावते. मी ऐटीत गाडीला शोभणारी बारीक टायरची सायकल काढली. शेवटचा टप्पा निघाला सुट्या खडीचा. टायर फुटला. सायकल खांद्यावर घेऊन मी सगळ्यांच्या शेवटी वर पोचलो, तेव्हा ही दगडावर बसून संत्रं सोलत होती. "पहिलं कोण आलं?" मी धापा टाकत विचारलं. "अहो, चावी," ती हात पुढे करून म्हणाली. आमचा गुजराती मित्र हसला, "भाभी, गाडी आप ले जाओ, भाईसाब को हम देख लेंगे." पायथ्याशी उतरल्यावर माझी फुटकी सायकल गाडीमागे बांधून ती झोकात निघाली आणि मी तिची सायकल हाणत मागोमाग. भाईंदरच्या सिग्नलला तिला गाठलं, तर शेजारचा रिक्षावाला गाडीकडे टक लावून म्हणाला, "किसकी है?" मी छाती फुगवून सांगितलं, "मेरी घरवाली की." आजही कोणी विचारलं की हेच सांगतो, आणि आता चावीही तिच्याच पर्समध्ये असते.