फरसबंदीतले रूळ

ओल्या लोखंडाचा वास आला की डब्लिनच्या उपनगरातली ती गल्ली आठवते. तिथे फरसबंदीत जुन्या ट्रामचे रूळ अजून आहेत. मुंबईहून माझ्याकडे आलेल्या बाबांना तेव्हा विस्मरण होऊ लागलं होतं. रूळ दिसताच ते लहान मुलासारखे थांबले. "ट्राम येईल आता. आई राणीच्या बागेत नेणार आहे, हत्तीवर बसायला." मला हॉस्पिटलच्या ड्यूटीला उशीर होत होता. "बाबा, ट्राम केव्हाच बंद झाली," मी त्यांचा हात ओढत खेकसलो. त्यांचा चेहरा पडला. "मग रूळ कशाला ठेवलेत?" पुढच्या वर्षी बाबा गेले. आता सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन दहा मिनिटं उभा राहतो. त्या दिवशी ड्यूटीला तेवढाच उशीर झाला असता.