डावी कोयरी, उजवी कोयरी

माझ्या थोरल्या साडूंनी हाती घेतलेली एकही वस्तू आजवर वेळेत पुरी झालेली नाही, आणि पुरी झालेली एकही वस्तू आजवर मोडलेली नाही. पुतणीच्या लग्नासाठी करायला घेतलेला पाट तिच्या पोराच्या बारशाला तयार झाला. पण त्यावर आजही बैल उभा करावा. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ते सुतारकामाकडे वळले, म्हणजे लातुरातल्या यच्चयावत सुतारांच्या मागे लागले. घरात तीन टेपा आहेत, विश्वास एकीवरही नाही. "टेप कंपनी बनवती, हात देव बनवतो," असं म्हणून विती-बोटांनी माप घेतात. बारीक माप सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी लग्नाची तारीख विसरतो (विसरलोही आहे), पण सूत विसरत नाही. खिळ्याचं नाव काढलेलं खपत नाही. "खिळा म्हंजे लाकडाला दिलेली शिवी हाय, पाव्हणं!" वखारीत गेले की प्रत्येक फळीवर टकटक करून कान लावतात. वखारवाला एकदा वैतागून म्हणाला, "काका, आतून दार कुणी उघडणार न्हाई." साडू म्हणाले, "उघडतंय. तू गप उभा ऱ्हा."

अशा माणसाला मागच्या वर्षी बायको सोडून गेली, म्हणजे देवाघरी. माझ्या बायकोची ती थोरली बहीण. साडूपण हे दोन बहिणींच्या खुंट्यांवर टांगलेलं नातं. एक खुंटी निघाली की ते लोंबतं. साडू आमच्याकडे नांदेडला यायचे बंद झाले. सणावाराला बायको फोन करायची, "दाजी, या की." तिकडून ठरलेलं उत्तर, "आता माझं काय काम हाय तिथं?" फोन ठेवला की ती बराच वेळ कुणाशी बोलायची नाही. माझ्याशी तर नाहीच, पण ते एरवीही असतंच.

अशात माझ्या हातून चुकून एक सत्कार्य घडलं. बंद पडलेल्या एका हॉटेलातून मी माशांची काचेची टाकी घेऊन आलो. टाकी चौकोनी नाही, गोल नाही, चक्क साडीच्या काठावरच्या कोयरीसारखी. शेपूट डावीकडे वळलेलं. बायको म्हणाली, "ही ठेवायची कशावर? तुमच्या डोक्यावर?" प्रश्न रास्त होता. घरातल्या कुठल्याही टेबलावर ठेवली तरी शेपूट अधांतरी, आणि पाणी भरल्यावर त्या वजनानं काच तडकणार. टाकीबरोबर आलेले मासे कपडे धुण्याच्या टबात सोडले. मी ओशाळलो, पण तिचे डोळे चमकले. तिनं लातूरला फोन लावला, "दाजी, काम निघालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं साडू दारात.

नुसतं माप घ्यायला ते पाच रविवार आले. कोयरीला वीत लागेना. शेवटी टाकीखाली वर्तमानपत्र पसरून त्यांनी पेन्सिलीनं कडा आखली, बायकोच्या कात्रीनं कागद कापला आणि जपून लातूरला नेला. तीन महिन्यांनी सागवानी स्टँड घेऊन उगवले. वर कोयरी, खाली तशीच कोयरी, मध्ये पाच पाय, खिळा एक नाही. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "काका, हे उभं बसतंय का आडवं?" साडू म्हणाले, "तुझ्यापेक्षा नीट बसतंय."

आम्ही दोघांनी टाकी उचलून वर धरली. टाकीचं शेपूट डावीकडे, स्टँडचं उजवीकडे.

साडू मटकन खाली बसले. मग हळूच म्हणाले, "कागदावर म्हादेवाचा फोटू होता. श्रावणाची जाहिरात. लाकडावर आखताना कागदावर गुडघा रोवावा लागतो. देवावर गुडघा कसा ठिवू? म्हून पालथा घातला."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात सुतारकामातली कल्पना आली. स्टँड उलटं करून ठेवलं, वरची फळी खाली, खालची वर, की शेपूट आपोआप डावीकडे! दोन मिनिटांचं काम. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं दंडाला असा चिमटा काढला की "स्टँड"मधला "स्स" तेवढा बाहेर आला.

"दाजी, हे ऱ्हाऊ द्या कुंड्यांसाठी," ती म्हणाली. "दुसरं करा. मासे मजेत हायेत टबात. काही घाई न्हाई."

साडूंनी खालच्या फळीवरून सावकाश हात फिरवला. कडेनं, शेपटापर्यंत, परत. अर्ध्या सुताचा फरक ज्यांच्या तळव्याला कळतो, त्यांना त्या फळीत काय दिसत होतं, ते मी विचारलं नाही.

"मंग माप पुन्हा घ्यावं लागंल," ते म्हणाले.

"लागणारच की."

"कागदानं नको. हातानंच घेतो. येळ लागंल, सुमन."

"लागू द्या, दाजी," बायको म्हणाली आणि चहा टाकायला वळली.