लिंबोणीपर्यंतच्या फळ्या

आमच्या शेजारच्या मिस्त्रींना लाकूडकामाच्या कारखान्यात सगळे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे की कलली आहे ते बघायला दोरीला वजन लावून सोडतात, तो ओळंबा. मिस्त्री उंच, सडपातळ आणि ताठ. खाली पडलेला खिळा उचलायलाही वाकत नाहीत, सरळ गुडघ्यावर बसतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कानावरची पेन्सिल उतरलेली नाही. लोकांची दारं, खिडक्या, जिने करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. स्वतःच्या स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण मात्र अजून अर्ध्यावर येऊन अडकतो.

"या खणासाठी मी आता बाहेरून सुतार बोलावणार आहे," त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणतात.

"बोलाव की. पण चांगला बघून बोलाव, नाहीतर मलाच पाठवतील."

हे बोलणं मी कुंपणापलीकडून निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

वहिनी शिवणकाम करायच्या. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे गणवेश त्यांच्या मशीनवर शिवलेले असत, आणि कुठल्या मुलाचा डावा खांदा उतरता आहे हे वर्गशिक्षक असून मला माहीत नसायचं, ते त्यांना माहीत असायचं. गेल्या सहा वर्षांत त्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे, एवढंच कळतं. घरात त्या झपझप वावरतात. चष्मा कुठे ठेवला हे मिस्त्रीच त्यांना विचारतात.

अडचण मागच्या दाराची होती. उंबऱ्याबाहेर साडेनऊ इंचांची उतरण, पुढे खडबडीत माती, आणि बारा फुटांवर वहिनींनी स्वतः लावलेली लिंबोणी. गेल्या वर्षी त्या उतरणीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण तेव्हापासून झाडाला पाणी घालायचं असो, नाहीतर नुसतं बाहेर उभं राहायचं असो, आधी हाक आली: "अहो, येता का?" मिस्त्री हातातलं काम टाकून यायचे. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण वहिनी ती हाक कशा मारायच्या ते मी ऐकत होतो. दुसऱ्याच्या दारात साखर मागायला उभं राहिल्यासारखा आवाज व्हायचा.

मग एक दिवस मिस्त्रींनी ठरवलं, दारापासून लिंबोणीपर्यंत जमिनीलगत लाकडी ओटा करायचा. नवीन घरांतून त्याला डेक म्हणतात.

"डेक?" वहिनी म्हणाल्या. "जहाज लागणार आहे का आपल्या दारात?"

"तू फक्त बघत राहा," मिस्त्री म्हणाले आणि जीभ चावली. वहिनी मात्र खळखळून हसल्या.

पहिले आठ दिवस एकाही लाकडाला करवत लागली नाही. चार खुंट्या, सुतळी, आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीचं एक टोक त्यांनी दारापाशी धरलं आणि दुसरं लिंबोणीपाशी माझ्या हातात दिलं. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर उभं राहतं, म्हणजे जमिनीचा चढउतार कळतो. "गुरुजी, हात हलवू नका, पाणी खोटं बोलत नाही पण हात बोलतो," असं त्यांनी मला तीनदा ऐकवलं. बाग लिंबोणीकडे चढत गेली होती. दारापाशी साडेनऊ इंचांचा खड्डा, तिथे जेमतेम अर्धा इंच. म्हणजे ओटा सपाट ठेवला तर पलीकडे तो आपोआप जमिनीला मिळणार होता.

हिशेब त्यांनी प्लायवूडच्या तुकड्यावर मांडला. खाली चार इंचांचे सिमेंटचे ठोकळे, म्हणजे लाकडाला माती लागायला नको. त्यावर चार इंच उंचीचे वासे, सोळा सोळा इंचांवर. वाशांवर एक इंचाच्या फळ्या. एकूण नऊ. उंबऱ्यापेक्षा अर्धा इंच खाली, म्हणजे पाणी घरात येणार नाही आणि पायाला पायरी जाणवणार नाही. लिंबोणीकडची माती उकरून तिथे खडी भरायची. लांबी भिंतीलगत चौदा फूट, रुंदी बागेकडे बारा फूट.

फळ्या भिंतीला समांतर, आडव्या घालायच्या असं त्यांनी ठरवलं होतं.

"आडव्या पट्ट्यांनी माणूस रुंद दिसतो, हे मी हिच्याकडूनच शिकलो," ते मला हळूच म्हणाले. "आमची बाग चिंचोळी आहे ना."

लाकूड आलं. बारा फुटांचे बारा वासे कापून, टोकांना वाळवीचं औषध लावून, सांगाडा बसला. स्क्रू लावायच्या आधी त्यांनी फळ्या नुसत्याच मांडल्या आणि वहिनींना हाक मारली. मीही चहाचा कप घेऊन कुंपणाशी आलो. बाग खरोखरच दुप्पट रुंद दिसत होती.

वहिनी अनवाणी आल्या. उंबऱ्यावर थांबून पाय खाली सोडला. तो लगेच टेकला.

"अगंबाई! उतरण गेली कुठे?"

मिस्त्रींचा चेहरा मी तेवढा खुललेला कधी पाहिला नव्हता.

वहिनी पुढे निघाल्या. तीन पावलं सरळ. चौथं जरा डावीकडे. सातव्याला त्या लिंबोणीपासून चांगल्या पाच फूट दूर, ओट्याच्या कडेवर होत्या. मिस्त्रींनी दोन ढांगांत जाऊन दंड धरला.

"लिंबोणी कुठे गेली?" वहिनींनी विचारलं.

"उजवीकडे राहिली. काही बिघडत नाही. मी दारापासून एक दोरी बांधतो, ती धरून—"

"दावणीला बांधताय का मला?"

वहिनी तिथेच उभ्या राहून अंगठ्याने फळ्यांमधल्या फटी चाचपत होत्या, कापडाचा पोत बघावा तशा.

"या रेघा मला आडव्या येतात हो," त्या म्हणाल्या. "पाऊल टाकलं की एक ओलांडली, परत टाकलं की दुसरी. कुठे चाललेय ते एकही सांगत नाही. उभ्या असत्या ना, दारापासून झाडाकडे, तर एक फट पायाखाली धरून गेले असते."

मिस्त्री फळ्यांकडे बघत राहिले. अडचण मलासुद्धा कळली. फळ्या नेहमी वाशांना काटकोनात बसतात. फळ्या फिरवायच्या तर खालचा सगळा सांगाडा फिरवायचा. आणि वासे कापलेले बारा फुटांचे, भिंतीची बाजू चौदाची.

"अगं, आता सगळं कापून झालंय," ते म्हणाले.

"मग राहू दे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "उतरण तर गेली. बाकी मी हाक मारत जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मिस्त्री गुडघ्यावर बसून ठोकळे उपटत होते. कानावर पेन्सिल, मांडीवर प्लायवूडचा तुकडा. त्याची दुसरी बाजू आता आकड्यांनी भरली होती.

"चौदा फूट सोडले," ते म्हणाले. "बारा बाय बारा, चौकोन. तेच वासे आडवे टाकतो. चौदाच्या फळ्या कापून उभ्या बसतील."

"बाग पुन्हा चिंचोळी दिसेल."

"दिसू दे." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजी, कारखान्यात गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न असायचा, इथून चालणार कोण? घरात तेवढा विचारला नाही बघा."

प्रत्येक ठोकळा परत पातळीत आणायला चार दिवस गेले. नळीचं टोक धरायला मी होतोच. नव्या मांडणीत वासे दहाच लागत होते, दोन उरले. त्यातला एक त्यांनी लिंबोणीकडच्या कडेला, शेवटच्या वाशापासून चार बोटांवर जोडला. कशाला, ते मला फळ्या बसल्यावर कळलं. सगळ्या फळ्या उभ्या होत्या, फक्त अगदी शेवटची एक आडवी. पायाला ती लागली की समजायचं, ओटा संपला. दाराच्या मधोमध निघणारी फट त्यांनी बाकीच्यांपेक्षा जरा रुंद ठेवली, लिंबोणीच्या थेट रेषेत. दुसरा उरलेला वासा अजून आमच्या कुंपणाला टेकून उभा आहे.

स्क्रू लावून झाल्यावर मिस्त्रींनी वहिनींना बोलावलं नाही. "झालंय," एवढं सांगून ते स्वयंपाकघरात गेले आणि काहीतरी ठोकत बसले. मला वाटतं, पुन्हा बघायची त्यांना भीती वाटत असावी.

वहिनी दारात आल्या. पायाने मधली फट शोधली. नऊ पावलं. एकदाही थांबल्या नाहीत. अंगठा आडव्या फळीला लागला तेव्हा उभ्या राहिल्या, हात वर केला आणि पहिल्याच झटक्यात त्यांच्या मुठीत पान आलं. ते चुरगाळून त्यांनी नाकाशी धरलं.

मग मोठ्याने हाक मारली, "अहो!"

आत काहीतरी धाडकन पडलं. मिस्त्री हातोडीसकट दारात. "काय झालं? आलो, आलो—"

"येऊ नका," वहिनी म्हणाल्या. "तेवढंच सांगायला हाक मारली."

मिस्त्री दारातच उभे राहिले. वहिनी सावकाश परत वळल्या, फट शोधली आणि चालू लागल्या. अर्ध्या वाटेवर म्हणाल्या, "आणि ते आत काय ठोकत होतात?"

"खण," मिस्त्री म्हणाले.